फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीसाठी उपयुक्त बाह्य ॲक्सेसरीज कशा निवडाव्यात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी नवीन घेतली आहे. सर्वांत आधी काय बसवावे?

आपण ज्या वाटांनी जाणार आहोत तिथे गाडी कशामुळे अडू शकते आणि अडलीच तर ती बाहेर कशी निघेल, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी लिहून काढावीत. खरेदीचा क्रम त्यातूनच ठरतो. खडबडीत वाटेवर गाडी बहुधा रुतते, तिचा टायर फाटतो किंवा पोटाखालचा एखादा भाग दगडावर आपटतो. म्हणून वाटेला साजेसे टायर, पुढे आणि मागे चासीला (गाडीच्या मूळ सांगाड्याला) जोडलेले भक्कम रिकव्हरी पॉइंट (रुतलेली गाडी ओढून काढण्यासाठी पट्टा अडकवायच्या जागा) आणि पोटाखालच्या संरक्षक प्लेट यांचा क्रम पहिला लागतो. रूफ रॅक, जादा दिवे, शिडी, सावलीसाठी बाजूला उघडणारे कापडी छत या गोष्टी त्यानंतर याव्यात. लांबून उठून दिसणाऱ्या वस्तू आधी बसतात आणि ज्यांवर सुटका अवलंबून असते त्या राहून जातात, असे इतक्या गाड्यांच्या बाबतीत घडते की ही सूचना आरंभीच करणे आवश्यक आहे.

शक्य असल्यास गाडी काही महिने आहे त्याच स्थितीत चालवावी. तिचा कोणता भाग खरोखर घासतो, रात्रीचा प्रकाश कुठे अपुरा पडतो आणि सामान कुठे मावत नाही हे वापरातून कळते, आणि मग अनावश्यक वस्तूंची यादी आपोआप आखूड होते.

ॲक्सेसरीजच्या वजनाचा एवढा विचार करण्याची खरोखर गरज आहे का?

आहे, आणि या पानावरील सर्व उत्तरांचा पाया तोच आहे. प्रत्येक गाडीसाठी उत्पादकाने कमाल एकूण वजन ठरवून दिलेले असते, तसेच पुढच्या आणि मागच्या ॲक्सलवर (चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर) किती भार चालेल याच्याही स्वतंत्र मर्यादा असतात. कमाल एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की माणसे, सामान आणि ॲक्सेसरीज या सगळ्यांसाठी मिळून किती किलो उरतात ते समजते. काही देशांच्या पद्धतीत रिकाम्या गाडीच्या वजनातच ७५ किलोचा चालक धरलेला असतो, त्यामुळे आकडे घेताना त्यांची व्याख्याही वाचावी.

समजा, एका गाडीत असे ५५० किलो उरतात आणि त्यांत चालक धरलेला नाही. सरासरी ७५ किलोची चार माणसे बसली की ३०० किलो गेले. स्टीलचा बुल बार (गाडीच्या पुढे लावायची ताठ चौकट) ६० किलो, विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र) ३५, रूफ रॅक ३०, दोन्ही बाजूंचे स्लायडर (दारांखालचे संरक्षक पाइप) ४० आणि खालच्या प्लेट ३० किलो धरल्या तर आणखी १९५ किलो जातात. उरलेल्या ५५ किलोंत पिण्याचे पाणी, हत्यारे, तंबू आणि सर्वांच्या बॅगा बसवायच्या असतात, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. ही गाडी सहलीला निघण्यापूर्वीच मर्यादेला टेकलेली असते. मर्यादा ओलांडली की थांबण्यासाठी लागणारे अंतर वाढते, टायर अधिक तापतात, स्प्रिंग बसतात, आणि अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

वजन किती आहे याइतकेच ते कुठे आहे हेही महत्त्वाचे असते. पुढच्या चाकांच्याही पुढे लटकणारे वजन सी-सॉच्या टोकावर बसलेल्या मुलासारखे काम करते. वरच्याच उदाहरणातील बुल बार आणि विंच यांचे ९५ किलो पुढच्या ॲक्सलपासून ०.९ मीटर पुढे असतील आणि दोन ॲक्सलमधील अंतर २.७ मीटर असेल, तर पुढच्या ॲक्सलवर ९५ नव्हे तर सुमारे १२७ किलो भार वाढतो आणि मागचा ॲक्सल सुमारे ३२ किलोंनी हलका होतो. स्टिअरिंगची आणि ब्रेकची वागणूक त्यामुळे बदलते. जड बुल बार लावताना पुढच्या स्प्रिंग बदलण्याचा सल्ला दिला जातो तो याच कारणाने. तथापि जाड स्प्रिंग लावल्याने गाडीची उंची पूर्ववत होते, तिची कायदेशीर वजनमर्यादा आपोआप वाढत नाही.

सर्व काही बसवून झाल्यावर, टाकी भरून आणि नेहमीचे सामान ठेवून, गाडी वजनकाट्यावर नेऊन प्रत्येक ॲक्सल वेगळा तोलून घ्यावा. कागदावरच्या बेरजेपेक्षा प्रत्यक्ष वजन जवळजवळ नेहमीच जास्त भरते.

रूफ रॅकवर १५० किलो क्षमता लिहिली आहे. तेवढे सामान वर ठेवता येईल का?

केवळ रॅकवरचा आकडा पाहून ठरवू नये. छताची मर्यादा, रॅकची मर्यादा आणि रॅक ज्या पायांवर उभा असतो त्यांची मर्यादा, या तिन्हींत जो आकडा सर्वांत लहान असेल तोच खरा. छताची मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. अनेक गाड्यांमध्ये ती ७५ ते १०० किलोंच्या दरम्यान असते आणि तिच्यात रॅकचे स्वतःचे वजनही मोजायचे असते. शिवाय अनेक रॅक उत्पादक खडबडीत रस्त्यासाठी क्षमतेचा आकडा दीडने भागायला सांगतात. अशा रीतीने ९० किलोंची मर्यादा ६० वर येते, आणि रॅक ३० किलोंचा असेल तर सामानासाठी ३० किलोच शिल्लक राहतात.

ही मर्यादा चालत्या गाडीसाठी आहे. थांबलेल्या गाडीचे छत याहून कितीतरी अधिक भार पेलते, म्हणूनच छतावरच्या तंबूत माणसे झोपू शकतात. परंतु मिटलेला तंबू घेऊन गाडी धावत असते तेव्हा त्याचे वजन चालत्या मर्यादेतच बसावे लागते.

वरचे प्रत्येक किलो गाडीचा गुरुत्वमध्य उचलते आणि तिरप्या उतारावर ते चालकाला जाणवते. म्हणून वर जागा असली तरी ती हलक्या पण मोठ्या आकाराच्या वस्तूंसाठी राखावी आणि पाणी, हत्यारे, सुटे भाग गाडीच्या आत, शक्यतो मागच्या सीटच्या लगत खाली ठेवावेत. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेगाने गेल्यास तो दीडपटीहूनही थोडा अधिक होतो, आणि उंच, उघड्या रॅकमुळे इंधनखर्चात पडणारी भर लांबच्या प्रवासात स्पष्ट दिसते. वर्षातून एकदोनदाच लागणारा रॅक एरवी काढून ठेवणे शहाणपणाचे, त्यामुळे निवडतानाच तो दोन माणसांना सहज काढता-घालता येतो की नाही हे पाहावे.

बुल बार लावावा का?

मोठी जनावरे अचानक रस्त्यावर येतात अशा, वस्तीपासून दूरच्या भागात जे नियमित प्रवास करतात त्यांच्यासाठी बुल बारला अर्थ आहे. तिथे रेडिएटर फुटला तर मदत पोहोचायला बराच वेळ लागू शकतो. शहरात फिरणाऱ्या गाडीवर मात्र तो लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. गाडीचा पुढचा भाग धडकेत चुरगळावा आणि त्यात धक्का जिरावा अशा रीतीने बनवलेला असतो. ताठ लोखंडी चौकट ते काम बिघडवते, एअरबॅगच्या सेन्सरपर्यंत पोहोचणाऱ्या धक्क्याचे स्वरूप बदलू शकते आणि पादचाऱ्याला होणारी इजा अधिक गंभीर करते.

याच कारणांनी युरोपीय संघाने २००५ मध्ये अशा पुढच्या चौकटींसाठी पादचारी-सुरक्षेच्या चाचण्यांची अट घालणारा निर्देश काढला, तर भारतात रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये क्रॅश गार्ड व बुल बार लावलेल्या गाड्यांवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले. आपल्या गाडीची नोंदणी जिथे आहे तिथला नियम खरेदीपूर्वी तपासावा. नियम परवानगी देत असेल तर त्याच मॉडेलसाठी बनवलेला आणि एअरबॅगशी सुसंगत असल्याची लेखी खात्री असलेलाच बार घ्यावा. पुढच्या रडारसमोर आणि कॅमेऱ्यासमोर त्याचा कोणताही नळ येता कामा नये, कारण आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा त्यांच्यावरच चालते.

गाडीला पुढे एक कडी आहेच. ती ओढण्यासाठी पुरेशी नाही का?

बहुतेक वेळा नाही. अनेक गाड्यांच्या पुढच्या बाजूला दिसणारी पातळ कडी जहाजातून किंवा ट्रकवरून गाडी नेताना ती बांधून ठेवण्यासाठी दिलेली असते, आणि बंपरमध्ये फिरवून बसवायचा हुक सपाट रस्त्यावर बंद गाडी हळू ओढण्यापुरता असतो. रुतलेली गाडी चिखलातून उपसताना लागणारा जोर तिच्या वजनाहूनही जास्त होऊ शकतो. ताणाखालची कडी तुटली तर ती दोरासह सुटून समोरच्या काचेतून आत येते.

सर्वांत कळकळीची सूचना मागच्या टो बॉलबद्दल आहे. ट्रेलर ओढण्यासाठीचा हा गोळा झटक्याने ओढण्याच्या जोरासाठी बनवलेला नसतो. तो तुटून उडाल्यामुळे माणसे दगावली आहेत. त्याला रिकव्हरीचा पट्टा कोणत्याही परिस्थितीत अडकवू नये. मागे टो बारची चौकोनी नळी असेल तर तिच्यात बसणारा रिकव्हरी हिच वापरावा.

योग्य रिकव्हरी पॉइंटवर त्याची भारक्षमता कोरलेली असते, तो उच्च ताकदीच्या बोल्टांनी थेट चासीला जोडलेला असतो आणि पुढे दोन्ही बाजूंना एकेक असतो, जेणेकरून दोघांना पट्टा जोडून ओढ दोन्ही चासी-दांड्यांवर वाटता येते. त्याच्याबरोबर ताणला जाणारा नायलॉनचा पट्टा घ्यावा; तो ज्या भाराला तुटतो तो भार दोन गाड्यांपैकी हलक्या गाडीच्या कमाल एकूण वजनाच्या दोन ते तीन पट असावा. फार जाड पट्टा नीट ताणला जात नाही आणि झटका सरळ गाडीला देतो, फार बारीक पट्टा तुटतो. लोखंडी शॅकल (पट्टा पॉइंटला जोडणारी, पिनेने बंद होणारी कडी) घेताना तिच्यावर कामाचा भार उमटवलेला असल्याची खात्री करावी; १९ मिलिमीटर जाडीच्या (पिन नव्हे, कडीच्या) बो शॅकलसाठी, म्हणजे गोलसर पोटाच्या शॅकलसाठी, तो साधारणपणे ४.७५ टन असतो. दोरापासून बनवलेल्या मऊ शॅकल हलक्या असतात आणि तुटल्या तरी लोखंडासारखी इजा करत नाहीत, म्हणून गुळगुळीत कडांच्या पॉइंटवर त्याच वापराव्यात. धारदार कडेवर त्या कापल्या जातात.

चाकाखाली घालायच्या रिकव्हरी बोर्डांची जोडी हे या सगळ्यातले सर्वांत कमी धोक्याचे साधन आहे. एकट्याने जाणाऱ्या गाडीत ती असावीच, आणि सामान न उपसता हाती येईल अशा जागी बांधलेली असावी.

विंच किती ताकदीची घ्यावी?

भरलेल्या गाडीच्या कमाल वजनाच्या दीडपट ओढ हा सर्वमान्य ठोकताळा आहे. २८०० किलोंच्या गाडीला ४२०० किलोंची विंच लागते. बाजारात विंचची ताकद बहुधा पाउंडांत लिहिलेली असते आणि ९५०० पाउंड म्हणजे सुमारे ४३०० किलो. हा आकडा ड्रमवर दोराचा एकच थर उरलेला असताना मिळणाऱ्या ओढीचा असतो. जितके जास्त थर ड्रमवर, तितकी ओढ कमी. ती कमी पडल्यास कप्पी लावून जवळपास दुप्पट करता येते, मात्र दोर निम्म्या वेगाने गोळा होतो.

सिंथेटिक दोर हलका असतो आणि तुटला तर स्टीलच्या तारेइतक्या त्वेषाने उसळत नाही. उन्हाने, घर्षणाने आणि वाळूच्या कणांनी तो झिजतो, म्हणून त्यावर आच्छादन असावे आणि वापरानंतर तो धुवावा. दोर ज्या तोंडातून बाहेर येतो ते गुळगुळीत ॲल्युमिनियमचे असावे. स्टीलच्या तारेने खरवडलेले जुने रोलर सिंथेटिक दोर खराब करतात. दोर कोणताही असला तरी ओढताना त्याच्यावर जड कापड टाकावे, त्याच्या रेषेत कुणीही उभे राहू नये, आणि ड्रमवर उत्पादकाने सांगितलेले किमान वेढे शिल्लक ठेवावेत. पूर्ण भाराला १२ व्होल्टची विंच ४०० अँपिअरच्या घरात वीज खेचते, त्यामुळे बॅटरी जुनी झालेली असेल तर आधी ती बदलावी.

जे नेहमी दोन-तीन गाड्या मिळून जातात आणि ज्यांच्याकडे चांगले पॉइंट व पट्टा आहे, त्यांनी विंचचे वजन वाचवावे.

साइड स्टेप आणि रॉक स्लायडर यांत फरक काय?

दिसायला सारखे असले तरी काम वेगळे आहे. साइड स्टेप हा चढण्या-उतरण्यासाठीचा फूटबोर्ड असून तो पातळ पट्ट्यांनी टांगलेला असतो. उंचवट्यावर गाडीचे पोट टेकले तर तो वाकून दाराच्या खालच्या पन्हाळीला चेपतो आणि दार उघडेनासे होते. स्लायडर जाड नळीचा किंवा चौकोनी पाइपाचा असतो, चासीला जोडलेला असतो आणि गाडीचे निम्मे वजन त्यावर आले तरी टिकावा असा बनवलेला असतो. घरात वयस्क माणसे असतील आणि वाटा सोप्या असतील तर स्टेपच योग्य. दगडांच्या वाटांसाठी स्लायडर घ्यावा. पायरीसारखा रुंद भाग असलेले स्लायडर दोन्ही गरजा बऱ्यापैकी भागवतात. ज्या गाड्यांना वेगळी चासी नसते, त्यांना स्लायडर कुठे जोडला जाणार हे पाहिल्याशिवाय तो घेऊ नये.

पोटाखालच्या प्लेट निवडताना काय पाहावे?

इंजिनचा ऑइल संप (तळाशी तेल साठवणारे भांडे), गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणारा गिअर) आणि इंधनाची टाकी हे चार भाग झाकले जातात का, हे आधी पाहावे. स्टीलची प्लेट तीन-चार मिलिमीटर आणि ॲल्युमिनियमची पाच-सहा मिलिमीटर जाडीची असते. स्टील दगडावरून घसरते, ॲल्युमिनियम हलके असते पण दगडाला चिकटून ओरखडले जाते. ऑइल बदलण्यासाठी प्लेटला भोक नसेल तर प्रत्येक सर्व्हिसिंगला ती उतरवावी लागते आणि कधीतरी एखादा बोल्ट परत बसायचा राहतो. प्लेटवर साचलेला चिखल उष्णता अडवतो, आणि सायलेन्सरच्या तापलेल्या भागाजवळ अडकलेले कोरडे गवत पेट घेऊ शकते. गवताळ माळावरून गेल्यावर थांबून खाली वाकून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

स्नॉर्कल लावल्यावर गाडी खोल पाण्यात नेता येते का?

स्नॉर्कल इंजिनची हवा उंचावरून घेतो, एवढेच त्याचे काम. पाणी दाबले जात नसल्यामुळे ते सिलिंडरमध्ये शिरले तर पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. ते संकट स्नॉर्कल टाळतो. दारांच्या रबरातून येणारे पाणी, अल्टरनेटर आणि विजेची जोडणी यांचे रक्षण तो करीत नाही. पुस्तिकेत दिलेली पाण्याची कमाल खोली म्हणूनच स्नॉर्कल लावल्यावरही तीच राहते. डिफरन्शियलचा (ॲक्सलमधील, दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचा) श्वासमार्ग, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची नळी, उंच नेण्याचे काम त्याच्याबरोबरच करून घ्यावे: तापलेला डिफरन्शियल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढले जाते. वाहते पाणी हा तर निराळाच विषय आहे. सुमारे ६० सेंटिमीटर खोलीचा वेगवान प्रवाह मोठ्या गाड्याही वाहून नेऊ शकतो.

धुळीच्या रस्त्यावर एकामागून एक गाड्या चालतात तेव्हा स्नॉर्कलचा रोजचा फायदा दिसतो, कारण उंचावरची हवा तुलनेने स्वच्छ असते आणि एअर फिल्टर अधिक टिकतो. मात्र सर्व सांधे हवाबंद असावेत. बाजारात केवळ शोभेसाठीचे, आतून न जोडलेले स्नॉर्कलही मिळतात. ते घेऊ नयेत.

जादा दिवे कोणते आणि कुठे?

ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते, म्हणून मोकळ्या रस्त्यासाठी लांब फेकीचे अरुंद झोताचे दिवे उपयोगी पडतात आणि हळू, वळणावळणाच्या वाटेसाठी पसरट झोताचे. दोन्हींची गरज असेल तर बंपरवर एकेक जोडी पुरते. छतावरच्या लांब बारचा प्रकाश बॉनेटवरून परावर्तित होऊन चालकाच्याच डोळ्यांवर येतो, आणि धुळीत किंवा धुक्यात समोर पांढरी भिंत उभी राहते. तो आम्ही सुचवत नाही. निळसर पांढऱ्यापेक्षा थोडा उबदार प्रकाश रात्रभर चालवताना डोळ्यांना कमी शिणवतो.

दिव्यावर आयपी ६७ लिहिलेले असेल तर तो पूर्ण धूळबंद आहे आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो, असा त्याचा अर्थ. जोडणी रिलेमार्फत (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचमार्फत) करावी आणि फ्यूज बॅटरीच्या लगतच असावा. १२ व्होल्टवर १२० वॅटचा दिवा १० अँपिअर घेतो, त्यानुसार वायरची जाडी निवडावी. समोरून गाडी येताच हे दिवे हाय बीमबरोबर विझतील अशी जोडणी सार्वजनिक रस्त्यावर आवश्यक आहे.

मोठी स्टेपनी आणि इंधनाचा कॅन मागे टांगावा का?

मोठ्या टायरची स्टेपनी खाली मावत नसेल तर मागे यावीच लागते. मागच्या दाराच्या मूळ बिजागऱ्या मूळ आकाराच्या चाकापुरत्याच केलेल्या असतात, म्हणून जड चाकासाठी चासीला जोडलेला, स्वतःच्या आसावर फिरणारा स्टँड घ्यावा. नंबर प्लेट, मागचे दिवे आणि कॅमेरा झाकला जात नाही हे पाहावे. इंधनाचा कॅन मात्र मागच्या टोकाला टांगू नये. मागून धडक बसली तर पहिला तोच चेपतो.

फेंडर फ्लेअर, मडफ्लॅप आणि दारांवरचे व्हायजर यांचे काय?

टायर बॉडीबाहेर डोकावत असतील तर फ्लेअर (चाकांच्या कमानीवरच्या रुंद पट्ट्या) हवेतच. मडफ्लॅप मागच्या गाडीच्या काचेसाठी लावावेत, पण ते लवचीक असावेत. व्हायजर (खिडक्यांच्या काचांवरच्या पावसाच्या पट्ट्या) आवडीप्रमाणे.

गंज आणि सैल बोल्ट यांपासून ॲक्सेसरीज कशा जपाव्यात?

पावडर कोटिंगखाली झिंकचा थर आहे का, हे विकत घेताना विचारावे; नुसत्या काळ्या रंगाखाली गंज दिसेपर्यंत तो खोल गेलेला असतो. ॲल्युमिनियमच्या रॅकमध्ये स्टेनलेस स्टीलचे बोल्ट असतील तर ओलावा आणि मीठ मिळताच ॲल्युमिनियम खाल्ले जाते, त्यामुळे मध्ये नायलॉनचे वॉशर घालावेत. बॉडीला नवे भोक पाडल्यास त्याची कड त्याच दिवशी रंगवून सील करावी.

बोल्ट टॉर्क रेंचने, दिलेल्या आकड्यापर्यंत आवळावेत. नंतर बोल्टाच्या डोक्यापासून पत्र्यापर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला हे लगेच कळते. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर आणि खडखडाटाच्या प्रत्येक लांब रस्त्यानंतर या रेघा पाहाव्यात, आणि त्याच वेळी रॅकचे व बारचे वेल्डिंग बोटाने चाचपावे, कारण सततच्या कंपनाने पडणारी चीर सांध्याच्या कडेलाच सुरू होते.